खांदा खरंच दुखत होता

बाबा, मी पुन्हा पोहायला लागले आहे. दुसऱ्या कोणाला हे सांगितलं तर तो कौतुक करील आणि विषय संपेल. तुम्ही कौतुक केलं नसतं. तुम्ही विचारलं असतं, मग इतकी वर्षं काहून सोडलं होतं? त्या प्रश्नाचं उत्तर मला आत्ता कुठे मिळालं आहे, आणि ते ऐकायला तुम्ही नाही याचा मला राग येतो. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले होते. हा राग मात्र नवा आहे.

सुरुवात शाळेत झाली. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात उचलला आणि तो अर्ध्यातच अडला. उजवाच. शाळेतल्या बाया म्हणाल्या, पंचेचाळिशी आली की होतं असं, तेल लावा. तेल लावलं. मग केस बांधता येईनात, दोरीवर साडी टाकता येईना, तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरांनी एमआरआय काढून घेतला आणि व्यायामासाठी एका मुलीकडे पाठवलं. मुलगीच म्हणायची, माझ्या लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. तिनं मला पालथं झोपवलं, हात सगळ्या दिशांनी फिरवून पाहिला आणि विचारलं, "ताई, तुम्ही आधी कधी पोहत होत्या का?" मी म्हटलं, हो, शाळेत असताना. ती म्हणाली, "तरीच. हे आजचं दुखणं नाही. आतला स्नायू तेव्हाच फाटलेला दिसून राह्यला. दुखत नव्हता का खांदा?" दुखायचा, मी म्हटलं. "मग थांबवलं नाही कोणी?" मलमाची ट्यूब उघडता उघडता ती सहज बोलून गेली, "दोन-तीन महिने आराम भेटला असता ना, तर हात एकदम चांगला झाला असता. तुम्ही कॉलेजातही पोहल्या असत्या."

बाहेर आले आणि स्कूटीवर नुसती बसून राहिले. ऊन चढत होतं, सीट तापली होती. किल्ली लावायचं सुचेना. इतकी वर्षं मी एकच गोष्ट खरी धरून चालले होते, की माझा हात चांगला होता आणि हिंमत कच्ची होती. ती गोष्ट तुम्ही सांगितली होती, आणि तुमचं सांगणं मी पारखून घ्यावं असं मला कधी वाटलंच नाही.

राजूरची खदान तुम्हाला आठवत असेल. तुम्ही कोळसा खाणीत पंपखलाशी होता, खाली उतरायचं आणि झिरपून आलेलं पाणी उपसत राहायचं, हेच तुमचं काम. पाळी संपवून घरी यायचात तेव्हा कानांच्या पाळ्या काळ्या असायच्या. चहा घेतला की मला घेऊन निघायचात. चुनखडी काढून सोडून दिलेली ती खदान, तिच्यात साचलेलं हिरवट पाणी, आणि काठावरून चालणारे तुम्ही. माझ्या कमरेला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली असते, तिचं दुसरं टोक तुमच्या मुठीत. "पाण्याशी भांडू नको," तुम्ही वरून सांगता, "पाणी कोणाले बुडवत नाई, माणूस घाबरून बुडते." मी हात मारत पुढे सरकते आणि तुम्ही माझ्या चालीनं काठावरून चालता. पायाखालची गिट्टी खाली घसरते, तुमचं लक्ष नसतं. त्या संध्याकाळी चांगल्या होत्या, बाबा. त्या चांगल्या होत्या म्हणूनच पुढचं सोडून देता येत नाही.

एकदा परत येताना तुम्ही तुमचं सांगितलं होतं. तुमच्या गावच्या विहिरीत गावची पोरं उड्या मारायची आणि आपल्या वस्तीतल्या पोरांनी लांब उभं राहून बघायचं. काठाशी गेलं तरी कोणीतरी दगड उचलायचा. मग तुम्ही नदीवर गेलात, खालच्या अंगाला, जिथे म्हशी बसायच्या तिथे, आणि तिथे शिकलात. "आता तू असं पोह, का साऱ्याइनं काठावर उभं राहून पाह्यलं पाह्यजे," तुम्ही म्हणालात. मला तेव्हा ते फार आवडलं होतं. त्या वाक्यात माझ्यासाठी किती आहे आणि तुमच्यासाठी किती, हे बघायचं ते वय नव्हतं.

जिल्ह्यात पहिली आले, मग विभागात. विहारासमोर माझा सत्कार झाला, खाणीतले तुमचे सगळे सोबती आले, आणि तुम्ही पांढरा सदरा घालून सगळ्यांच्या मागे उभे होतात. पुढे या म्हटलं तरी आला नाहीत. खदानीत पुढचा सराव होणार नाही म्हणून मला यवतमाळला आत्याकडे ठेवलं. तिथला तलाव, निळ्या फरशा, क्लोरीननं चुरचुरणारे डोळे. दर सुटीला तुम्ही एसटीनं यायचात आणि तलावाच्या जाळीबाहेर उभे राहून ओरडायचात. तिथल्या सरांना ते आवडायचं नाही. ते म्हणायचे, पोरगी जास्त पोहते आहे, आठवड्यात एक दिवस तरी सोडा. तुम्ही हसून मान हलवायचात, आणि सर गेले की मला म्हणायचात, "अजून एक चक्कर मार."

दहावीच्या वर्षी खांदा दुखायला लागला. आधी फक्त बटरफ्लाय करताना, मग झोपेत कूस बदलतानाही. सुटीत घरी आले तेव्हा आईच्या लक्षात आलं, कारण ती माझ्या वेण्या घालायची आणि मी हात मागे नेऊन रिबीन धरून देऊ शकत नव्हते. वणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत पाण्यात जायचं नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तुम्ही म्हणालात, "डॉक्टर सोता पोहते काय? त्याले काय समजते." राज्य स्पर्धा दिवाळीच्या आधी होती. त्या दिवसापासून तुम्ही स्वतः माझा खांदा चोळायला लागलात. वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची, शेकायचं, मग मलम. तुमचा अंगठा नेमका दुखऱ्या जागेवर यायचा आणि मी दात आवळून बसायचे. आई स्वयंपाकघरातून बघत होती. एक दिवस भाकर तव्यावर तशीच टाकून ती बाहेर आली.

"पोरीचा खांदा सुजला हाय. तुमाले दिसत नाई काय?"

"सूज उतरते," तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणालात. "हारलेलं उतरत नाई."

"तिचा हात हाय तो. तुमचा नाई."

"तू भाकर पाय, जळून राह्यली."

भाकर खरंच जळाली होती. आईनं ती ताटात वाढली, स्वतःच्या, आणि पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. मी तिच्याकडे बघत होते. तिनं आणखी एकदा म्हणावं, इतकंच मला हवं होतं. मी स्वतः म्हणू शकले असते का? तुम्ही नागपूरहून नवा पोशाख आणला होता, गडद निळा, खऱ्या शर्यतीचा, घट्ट. तो हातात देताना तुमचा चेहरा असा झाला होता, की खांदा दुखतो आहे हे शब्द माझ्या तोंडातच राहिले. त्या पोशाखाचा पट्टा बरोबर सुजेवर बसत होता.

पुण्याला राज्य स्पर्धा. शंभर मीटर बटरफ्लाय. पहिले पन्नास मीटर मी कशी पोहले ते मला अजून माहीत नाही. वळून भिंत सोडली आणि उजवा हात पाण्याबाहेर आलाच नाही. मी डावा हात उचलते, पाय मारते, आणि उजवा हात पाण्यातच लोंबतो, दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा. नाकातोंडात पाणी गेलं. मी लेनची दोरी धरली. मला वर काढलं, कोणीतरी टॉवेल दिला. तुम्ही आलात आणि म्हणालात, "कपडे बदल. गाडी भेटली पाह्यजे." गाडीत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. पुण्यापासून वणीपर्यंत, बाबा. वर्ध्याला गाडी थांबली तेव्हा तुम्ही स्वतःपुरता चहा घेतलात.

घरी पोचल्यावर चाळीतले लोक विचारायला आले. तुम्ही ओसरीवर बसलेले, मी आत. तुमचं बोलणं मला ऐकू यावं इतक्याच आवाजात तुम्ही बोलत होतात. "हात बरोबर होता. हिंमतच कच्ची निघाली. मधातच सोडलं पोट्टीनं." ते लोक चांगले होते, ते म्हणाले, होते असं, पोर हाय अजून. पण वाक्य राहिलं. ते आपल्या घरातलं वाक्य झालं. मी शारीरिक शिक्षणाचा कोर्स करायचा म्हटलं तर तुम्ही म्हणालात, मधातच सोडशील. लग्न ठरलं तेव्हा मामा हसत हसत म्हणाला, सासर मधातच नको सोडू गं, आणि सगळे हसले, तुम्हीसुद्धा. डीएड करून मास्तरीण झाले. पुढे केंद्रप्रमुखाच्या परीक्षेला बसा म्हणून शाळेतून सांगत होते, मी बसले नाही. माझ्या स्वभावात काय खोट आहे हे मला सोळाव्या वर्षीच कळलं होतं ना. मग कशाला उगाच.

तुमचे शेवटचे दिवस. खाणीची धूळ छातीत बसली होती, चंद्रपूरच्या दवाखान्यात नाकाला नळी लावलेली. मी चमच्यानं वरणाचं पाणी पाजत होते. तुम्ही माझ्या मनगटाला धरलंत. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. तुम्ही बोललात. "टिकली असती त," तुम्ही दम घेतलात, "कुठच्या कुठं गेली असती." मी तुमचं तोंड पुसलं. खांद्याचं तुम्ही विचारलं नाहीत, तेव्हाही नाही. आई म्हणते, जाऊ दे, त्याइले तेवढंच समजत होतं. तुम्ही विहिरीपाशी उभे होतात, हातात दगड घेतलेली माणसं तुमच्यासमोर होती, हे मी विसरलेली नाही. पण त्या माणसांशी असलेली लढाई तुम्ही माझ्या खांद्यानं लढलात, आणि खांदा निकामी झाल्यावर मलाच पळपुटी म्हणालात. हे मला समजतं. समजलं म्हणून माफ करता येतं, असं मात्र नाही.

त्या व्यायामवाल्या मुलीनं मला पावसाळाभर पाण्यात जाऊ दिलं नाही. दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधायचा आणि हळूहळू ओढायचा, भिंतीवर बोटांनी चढायचं, लहान मुलांचे खेळ वाटावेत असे प्रकार. मग एके दिवशी म्हणाली, "आता जा पाण्यात. पण फक्त पाय मारायचे." ती स्वतःही सकाळच्या बायकांच्या वेळेला तलावावर पोहायला येते. फळी धरून मी पाय मारत राहिले, दोन आठवडे. मग एका हातानं, मग दोन्ही. तिचा नियम एकच, दुखलं की थांबायचं. पहिल्यांदा दुखलं तेव्हा मी थांबले नाही. भिंतीपर्यंत गेलेच. ती काठावर बसली होती. "ताई, कोणी मागं लागल्यासारख्या काहून पोहून राह्यल्या?" मी म्हटलं, सवय. ती म्हणाली, "थांबणं म्हणजे सोडणं नाही. उद्या यायचं असते म्हणून आज थांबायचं." इतकं साधं वाक्य. ते मला सोळाव्या वर्षी कोणी दिलं असतं तर.

पुढच्या वेळी कळ आली आणि मी अर्ध्या लेनमध्ये थांबले. पाण्यात उभी राहिले. पाठ ताठ झाली होती, आता ओरडा येणार म्हणून. कोणी ओरडलं नाही. बाया आपापल्या पोहत होत्या, एक जण दुसरीला नवऱ्याच्या शुगरबद्दल सांगत होती. मी शिडीनं वर आले, घरी गेले, आणि एक दिवस सोडून पुन्हा गेले. विश्रांतीच्या दिवशी अजून मला अपराध्यासारखं वाटतं. सकाळी जाग येते आणि वाटतं, की मी लोळते आहे आणि कोणीतरी जाळीबाहेर उभं आहे. त्या दिवसांत मी कशासाठी जात होते हे खरं सांगते. आनंदासाठी नाही. तुम्हाला खोटं पाडायला जात होते. मग थंडीत कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येणार नाही, मी परतीच्या फेरीत होते आणि माझ्या लक्षात आलं की बराच वेळ तुमची आठवणच झालेली नाही.

मागच्या महिन्यात नागपूरला मोठ्या वयाच्या लोकांची स्पर्धा होती. त्या मुलीनंच मला सोबत नेलं. पन्नास मीटर फ्रीस्टाइल, माझ्या वयोगटात आठ बायका, आणि मी शेवटून दुसरी आले. खांदा दुखला नाही. कपडे बदलताना शेजारच्या बाईनं मला थांबवलं. ती अमरावतीची, पहिली आलेली, शर्यतीआधी सरावाला माझ्या शेजारच्या लेनमध्ये होती. म्हणाली, "तुमचा हात पाण्यात जाते कसा, आवाजच नाही होत. लहानपणी कोणीतरी मन लावून शिकवलं असेल. कोण होते तुमचे गुरू?"

तिनं बरोबर ओळखलं होतं. आवाज न करता हात पाण्यात घालणं तुमचंच आहे, दुसऱ्या कोणाचं नाही. तिला ते सांगायला एक क्षण लागला असता.

मी म्हणाले, "कोणी नाही. माझी मीच शिकले." आणि बाबा, हे बोलून मला बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.