ताईने पाठवलेली बाटली

प्रिय ताई,

आधी बातमी. पास झालो. सोमवारपासून गोदामात फोर्कलिफ्टवर कायम. आता पाणी पी आणि पुढचं सावकाश वाच.

भाऊजींनी आणलेली पिशवी मिळाली. आत गुडघ्याचं तेल आहे असं तू त्यांना सांगितलंस, म्हणून बिचाऱ्यांनी सांडू नये म्हणून ती सारा प्रवास मांडीवर सरळ धरली. सोबतचा तुझा निरोप वाचला: "मास्तर, ही माझी लघवी, अगदी स्वच्छ. तुझी म्हणून गुपचूप दे." आधी हसू आलं, मग घाम फुटला. रात्रपाळीमुळे उडालेल्या झोपेसाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी नशेच्या तपासणीत सापडेल आणि नोकरी जाईल, हे रडगाणं मीच तुझ्याकडे गायलो होतो. पण तिथल्या डबीला लघवी ताजी आहे का ते दाखवणारी तापमानाची पट्टी असते गं. भाऊजींच्या मांडीची ऊब तिथवर पुरली नसती.

बाटली संडासात ओतली. तपासणीआधीच नर्सबाईंना गोळीचं नाव सांगितलं, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. त्यांनी स्पेलिंग चुकवलं, ते दुरुस्त केलं. आठवीत माझी शाळा कायमची सुटली तेव्हा रोज शुद्धलेखन घालून तूच मला असा खडूस मास्तर केलास. तिथले डॉक्टर म्हणाले, झोपेच्या काही गोळ्या या तपासणीत दिसतात, माझी सहसा दिसत नाही. दिसली असती तरी पुन्हा बारकाईने तपासून चिठ्ठीशी ताडून पाहिलं असतं. सुस्ती असेल तर मात्र यंत्रावर बसायचं नाही. एवढ्यासाठी मी सगळी नखं खाऊन संपवली होती.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. बाटली उघडताना झाकण दाबून फिरवावं लागलं. तपकिरी बाटली, पांढरं झाकण, हुबेहूब माझ्या गोळ्यांच्या बाटलीसारखी. मग आठवलं, गोळी कडू असते, पटकन गिळ, असं तू म्हणाली होतीस. कडू आहे हे मी तुला कधीच सांगितलं नव्हतं. आणि भाऊजी चहा पिताना कुरकुरत होते की आठवडाभर तुझा डोळ्याला डोळा नाही, रात्रभर कपाटं आवरतेस. मला स्वच्छ द्यायची म्हणून तू तुझी गोळी बंद केलीस ना? ताई, अशी ती एकदम सोडायची नसते. मनानेच पुन्हा सुरूही करू नकोस. उद्याच डॉक्टरांकडे जा आणि सगळं खरं सांग. रविवारी मी येतो. तू झोप, कपाटं मी आवरतो. भाऊजींना तेलच होतं असं सांगू.

तुझाच,
खडूस मास्तर