सुजितचे तयार कान

४ जानेवारी, रविवार

सुजितला नवे स्पीकर घ्यायचेत. त्याआधी म्हणे कान तयार करायचे! समोर बसून खरी वाद्यं ऐकायची, मग दुकानात चांगला स्पीकर ओळखता येतो. तळवड्याच्या ऑफिसात कुणीतरी डोक्यात भरवलंय. इतक्या वर्षांच्या संसारात नवरोबांना कधी कुकरची शिट्टी ऐकू आली नाही — आता पखवाजाचा घुमारा ऐकणार!

११ जानेवारी, रविवार

चऱ्होलीच्या देवळात भजन. माइक नव्हता म्हणून साहेब खूश. पहिल्या रांगेत डोळे मिटून मान हलवत बसला — तीही तालात नाही. मध्येच पखवाजवाल्या कोंडीरामबाबांना म्हणतो, "बाबा, जरा डावीकडे सरकता का? बेस एकाच बाजूने येतोय."

"सरकतो की. पन तिकडं भिंत हाय."

लाजेने मेले मी. वर गाडीत मलाच शिकवतो, "तू नुसतं ऐकतेस गं. ऐकण्या-ऐकण्यात फरक असतो."

१४ जानेवारी

तिळाचा लाडू खात होते, हा फोनला कान लावून बसलेला. "हळू चाव, सतार चाललीये!" — सणाच्या दिवशी!

२५ जानेवारी, रविवार

चिंचवडला मैफल. बाईंनी यमन गायला. निषाद असा लागला की माझा हात आपोआप दाद द्यायला वर गेला. आणि हा कानात कुजबुजतो, "वरचे सूर जरा टोचतात." गाढव!

लग्नाआधी नांदेडला मी गाणं शिकले, हे त्याला माहीत आहे. म्हणजे बायोडेटात वाचलंय. लॉकडाऊनमध्ये मी रियाजाला बसले की हा दारात येऊन तोंडावर बोट ठेवायचा — मीटिंग आहे! शेवटी मीच गाणं बंद केलं. का बंद केलंस, असं एकदाही विचारलं नाही. बंद झालंय हे कळलंच नसेल. त्याचाच जास्त राग येतो. आणि आता कान तयार करतोय — लोकांच्या बायकांचं गाणं ऐकून!

१ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी ड्राय बाल्कनीत कपडे वाळत घालताना तो यमन आपोआप ओठांवर आला. आवाज गंजलाय. पण निषाद लागला!

हॉलमधून सुजित ओरडला, "दिपाली, कुणाचं रेकॉर्डिंग आहे गं हे? अगदी घरात बसून गातंय कुणीतरी! मला असाच स्पीकर पाहिजे!"

मी गात राहिले.

गाणं कुठलं ते शोधायला फोन पुढे धरून तो दारात आला. मला बघून तसाच उभा राहिला. मग फोन खिशात घातला आणि ओल्या कपड्यांच्या बादलीशेजारी फरशीवर बसला.

मी थांबले नाही.