मिश्रीची रेघ

४ नोव्हेंबर
मशीन आलं! 'वापरून बघा, पटलं तर ठेवा,' असं कंपनीचा माणूस म्हणाला. तोंडात कॅमेरा फिरवायचा, पडद्यावर दात उमटतो आणि मशीन तिथंच कॅप कोरून देतं. पेशंटला दुसरा हेलपाटा नाही.

राजेंद्रदादाला काही बोलले नाही. बाकीच्या डॉक्टरांनी मशिनं घेतली आणि त्याची लॅब ओस पडली. हातानं कॅप करून घेणारी आता मी एकटीच उरलेय. बारावीनंतर शिक्षण सोडून तो लॅबला लागला, माझी फी भरली, म्हणून मी डेंटिस्ट झाले. आता मीच त्याचं काम काढून घेऊ?

६ नोव्हेंबर
दादाचा फोन. उचलला नाही.

९ नोव्हेंबर
चितेगावच्या द्वारकाबाईंच्या पुढच्या दाताला कॅप बसवायचीय. दोन्ही करून घेतल्या — एक मशीनवर, एक दादाकडून. बाई निवडतील तसं करायचं. (भित्री कुठली! स्वतःला ठरवता येईना, म्हणून बाईंच्या गळ्यात घातलं.)

दादाची बघून जीव थोडा हलका झाला. बाईंचे दात जन्मभर मिश्री लावलेले. त्यानं फोटो बघून मुळाशी तश्शीच तपकिरी रेघ भरलीय. तो नेहमी म्हणतो, 'दात शेजारच्यासारखा दिसाया पाहिजे, मोने.' हे मशीनला कुठलं जमायला! बाई हीच घेणार.

१० नोव्हेंबर
बाईंनी दादाची कॅप लावून आरशात पाहिलं आणि तोंडच पाडलं.

"म्याडम, डाग कशापायी लावला?"

"तुमच्या दातांसारखा केलाय, मावशी."

"मिश्री कवाच सोडली म्या. नातीचं लगीन हाये. पांढरा द्या — आन् बाकीचे बी घासून द्या की!"

मशीनची बसवली. कडेला नखसुद्धा अडकत नव्हतं. बाई आरसा खाली ठेवीनात. मला मात्र रडू येत होतं.

संध्याकाळी दादानं फोनवर विचारलं, "बसली का?" मी म्हणाले, "बसली की! बाई लई खूश. मशीनला नाही येत असा रंग."

कशाला बोलले? त्याचा आवाज ऐकला आणि खरं तोंडातून निघेचना.

१३ नोव्हेंबर
कंपनीला होकार कळवला. पेशंटचं भलं त्यातच आहे, हे आता डोळ्यांनी पाहिलंय. दादाला रविवारी सांगणार. घरी जाऊन, समोर बसून. शिव्या घातल्या तरी ऐकून घेईन.

१४ नोव्हेंबर
रविवार उजाडायच्या आत दादाच दवाखान्यात आला. नवा शर्ट, हातात पेढे.

"कॅपा भाजायला नवी भट्टी घेतली, मोने! लॅब बंदच करनार व्हतो. तू म्हनलीस, मशीनला असा रंग येत नाय, तवा हिंमत केली."

मशीनवर मी चादर टाकून ठेवली होती. त्यानं पेढ्यांचा पुडा त्यावरच ठेवला.