आईचा हजारावा दिवस

२ मार्च

आज रात्री मी टीव्हीवर देशभर दिसणार. मदियूनच्या पेचेल चटणीला, म्हणजे उकडलेल्या भाज्यांवरच्या शेंगदाण्याच्या चटणीला, आजवर फाउंडर नव्हता, नुसत्या ती करणाऱ्या बायका होत्या. आता आहे.

संकल्प: रोज पहाटे चारला उठणे. तळलेलं बंद. लग्नाचा विचार धंदा मोठा झाल्यावर.

गल्लीत पडदा लावलाय. आईने ठेवणीतलं बाटिक काढलं आणि दुपारपासूनच पहिल्या रांगेतली खुर्ची धरून बसली आहे. तिला एक छोटीशी गोष्ट आधी सांगायला हवी. सांगू. वेळ आहे.

३ मार्च

सांगायचं राहिलं. खुर्च्या कमी पडल्या, ते कोण बघणार?

कार्यक्रम उत्तम. पडद्यावर मी म्हणालो, ही माझ्या दिवंगत आईच्या हातची चव आहे. तारीखसुद्धा सांगितली. तिथे आवाज फुटला, तो अगदी नैसर्गिक वाटला. परीक्षक बू (म्हणजे बाई) हेर्लिना, ज्यांची दुकानं सुराबायापासून सगळीकडे आहेत, त्या कॅमेऱ्यासमोर रडल्या आणि म्हणाल्या, ही चटणी माझ्या प्रत्येक दुकानात ठेवणार.

इथे खरं तर टाळ्या पडायला हव्या होत्या. सगळी गल्ली आईच्या पाठीकडे बघत बसली. आई उठली, खुर्चीची घडी करून भिंतीला लावली आणि म्हणाली, माझ्या मयताला गर्दी बरी जमली.

याला स्टोरी म्हणतात, हे तिला कोण समजावणार? तालमीच्या वेळी टीव्हीवाली बाई म्हणाली होती, चटणी छान आहे हो, पण यात दुःख कुठाय? दुःख आमच्याकडे होतं. बाबा वारलेच होते. पण बाबा सायकलरिक्षा चालवायचे. त्यांच्या जाण्याचा शेंगदाण्याशी संबंध लावता येईना. म्हणून तारीख बाबांची ठेवली आणि माणूस बदलला. बाबांना गोष्टीत घरी सुखरूप ठेवलं. म्हणजे एकूण मृत्यू एकच आणि तो खराच. याला खोटं म्हणता येत नाही.

आज उठायला पावणेआठ झाले. कालची दगदग.

७ मार्च

फॉलोअर धो धो वाढतायत. ऑर्डरी घ्यायला फोन पुरत नाही.

शेजारचा गियांतो तांदूळ आणि साखर घेऊन आला. मयत झालेल्या घरी नेतात तसं. आईच्या हातात देऊन म्हणाला, बू, तुम्ही गेल्याचं टीव्हीवर कळलं, फार वाईट वाटलं. आई म्हणाली, बस मेल्या, चहा टाकते, मेलेल्या बाईच्या हातचा चहा पुन्हा कुठे मिळायचाय तुला. दोघंही पोट धरून हसले. मीही हसलो, तर आई हसायची थांबली.

एकूण तिने मनावर घेतलेलं नाही. बरं झालं.

२२ मार्च

रिंगरोडवर दुकान आणि कारखान्याला जागा घेतली. पाटीवर माझा फोटो आहे, खाली नाव: प्रियादी, फाउंडर. आईचाही लावणार होतो, पण तिचा एकही फोटो मेल्यासारखा दिसत नाही.

ती पहाटे येते, शेंगदाणे भाजते, चिंच-गूळ, मिरची, कपूरकाचरी, सगळं बघते आणि गिऱ्हाइकं यायच्या आत मागच्या दाराने जाते. आज उशीर झाला. मलांगहून आलेल्या एका बाईने विचारलं, या कोण? मी म्हणालो, आमच्या जुन्या बाई आहेत. हळू बोललो होतो. तरी आईने ऐकलं. या वयात कान इतके तिखट कसे राहतात, कळत नाही.

११ एप्रिल

काल ईद. सकाळी आधी कबरस्तानात व्हिडिओ केला. बाबांच्या कबरीवर फुलं टाकली. लाकडी फळीवर त्यांचं नाव आहे, ते कोपर मध्ये धरून झाकलं. लाखाच्या वर लोकांनी पाहिला. कॉमेंट वाचून मला स्वतःलाच भरून आलं.

घरी येऊन आईपुढे गुडघे टेकले, रीतीप्रमाणे वर्षभराच्या चुकांची माफी मागितली. दरवर्षी ती डोक्यावर हात ठेवते. काल म्हणाली, मेलेल्यांकडे माफी मागत नाहीत रे, मेलेल्यांसाठी मागतात. आणि भात बघायला आत गेली. बराच वेळ तसाच टेकून होतो. गुडघे अजून दुखतायत.

संकल्प: आईला एकदा समुद्र दाखवणे.

१९ मे

बू हेर्लिनांचा फोन! टीव्हीवर ऐकलेल्या तारखेपासून त्यांनी स्वतः मोजलं. जुलैत आई गेल्याचा हजारावा दिवस येतो, म्हणजे मोठी दुआ आणि जेवण. स्वतःच्या आईच्या हजाराव्याला त्या परदेशात होत्या, ते अजून त्यांना सलतं. म्हणाल्या, तुमच्या आईच्या दुआला मी येते, मनावरचं ओझं उतरेल. करारही त्याच दिवशी करू. तुमच्या वडिलांच्याही पाया पडायचंय.

मी म्हणालो, या ना.

आईला सांगितलं. तारीख तिला पाठच होती. बाबांच्या हजाराव्यासाठी तिने बोकड पाळलाय, त्यानंतर कबरीला दगड बसवायचा ठरवलाय. तिचं म्हणणं, हजारावा होईपर्यंत माणूस घराभोवतीच असतो, त्या दिवशी खरा जातो. तेव्हा नीट निरोप द्यायला हवा.

मी समजावलं की दिवस तोच, भात तोच, बोकडही तोच. नावाचाच काय तो फरक. आधी तिच्या नावाने दुआ होईल आणि शेवटी बाबांचंही नाव घ्यायला लावतो.

तिने सुपातल्या शेंगदाण्यांची टरफलं पाखडून संपवली. मग म्हणाली, माझं नाव हवं तितकं घे. मला मारलंस ते मारलंस. पण त्यांचं नाव घे, प्रियादी. एकदाच घे, पण मोठ्याने घे.

वचन दिलं. त्यात काय मोठंसं?

१७ जुलै, सकाळ

सगळं चोख. दुआ कारखान्यातच ठेवली आहे. आमच्या गल्लीतलं कोणी बोलावलं नाही, कामगारांच्या गावची माणसं आणली. बाबा वार्सिनीकडे, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीकडे पोनोरोगोला आहेत, गुडघे धरलेत, असं बू हेर्लिनांना कळवलं. गियांतो म्हणाला, बूंच्या हजाराव्याला आम्हाला आवतण नाही, पण बू स्वतः हजर आहेत ना, मग झालं.

आई पहाटेपासून चुलीपुढे आहे. आचारी लावतो म्हटलं तर म्हणाली, माझ्या नवऱ्याचं जेवण परक्याने रांधायचं नाही. दुआचे अपेम, तांदळाचे गोड घावन, तिनेच केले. आज खुशीत दिसली. केसांना तेल लावलं होतं.

१८ जुलै

करार झाला!! सविस्तर लिहितो, कारण दिवस ऐतिहासिक आहे.

लोक चटयांवर बसले. मौलवींनी आईचं नाव घेतलं, तुकियेम, खणखणीत. सगळ्यांनी तिच्या आत्म्यासाठी दुआ मागितली. बू हेर्लिना माझ्या शेजारीच, डोळ्यांतून धारा. मग मौलवी माझ्याकडे वळून म्हणाले, आणखी कोणाचं नाव घ्यायचंय का?

स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज थांबला.

व्हिडिओसाठी लावलेला कॅमेरा माझ्यावरच होता. बू हेर्लिनांनीही डोळे उघडले. मी म्हणालो, नाही, एवढंच.

बाबांचं नाव मी मनात घेतलं. दोनदा घेतलं. वर पोचायला आवाज लागतो असं कुठे लिहिलंय?

जेवण झाल्यावर बू हेर्लिना थेट आत गेल्या. आईचा हात कपाळाला लावला, म्हणाल्या, अगदी तीच चव! तुम्ही ओळखत होतात का हो त्यांना? आई म्हणाली, तिला ओळखते थोडंफार. तिच्या नवऱ्याला जास्त ओळखत होते. फार सज्जन माणूस. तीन मैलांवर गिऱ्हाईक सोडून यायचा आणि आधी खलबत्त्याला बसायचा. गेला बिचारा.

बू हेर्लिना गोंधळल्या. मी चटकन सावरलं. आमच्या जुन्या बाई आहेत, वय झालंय, माणसांची सरमिसळ करतात.

आईने हात धुतले, पुसले आणि मागच्या दाराने गेली. सह्या झाल्या.

आज घरी तिची खोली झाडून ठेवलेली आहे. गियांतो म्हणतो, सकाळच्या बसने वार्सिनीकडे गेली. चार दिवस हवापालट होईल. दमली होतीच.

२ ऑगस्ट

पहिला माल परत आला. चव वेगळी लागते म्हणतात. काहीतरीच. शेंगदाणा तोच, मिरची तीच. दुसरा माल मी स्वतः उभं राहून केला. तोही परत आला.

चूक आईची आहे. किती काय घालायचं ते तिने कधी धड सांगितलंच नाही. विचारलं की म्हणायची, हाताला कळतं. अशाने कंपन्या चालतात का?

वार्सिनीला फोन केला. म्हणाली, आई नाहीये. मी विचारलं, कुठे गेलीय? ती म्हणाली, तूच सांगितलंस ना टीव्हीवर. फोन ठेवला.

९ ऑगस्ट

बू हेर्लिनांच्या सेक्रेटरीचा निरोप: सध्या थांबू या. सध्या म्हणजे फार तर आठवडा. मोठ्या लोकांची अशीच रीत असते.

संकल्प: परवा पोनोरोगोला जाणे. आईला 'चव प्रमुख' हे पद देणे. तिच्या नावाची कार्डं छापून घेतली आहेत. बाबांची दुआ उरकायची राहिली म्हणून रुसली असेल, तर तीही थाटात करू.

११ ऑगस्ट

पोचलो तर वार्सिनीच्या अंगणात चटया अंथरलेल्या. दहा-पंधरा माणसं. बाबांची दुआ. दिवस उलटून गेला होता, तरी आईने ठेवली होती. बोकड नव्हता, तो आमच्या सोहळ्यात संपला. पेचेल आणि भात होता.

मला पाहून वार्सिनी आत निघून गेली. मी मागच्या चटईवर बसलो. मौलवींनी नाव घेतलं, सामिजो. मोठ्याने घेतलं, रस्त्यावर जाईल असं. मग कोणाकडून दुआ आहे ते सांगितलं: बायको तुकियेम, मुलगी वार्सिनी. पुढे काही येतंय का म्हणून मी थांबलो. पुढे दुआ सुरू झाली.

जेवायला बसलो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने आईला विचारलं, हे पाहुणे कुठले?

आईने माझ्याकडे पाहिलं. ती रागावेल याच्या तयारीनेच मी गेलो होतो. ती रागावलेली नव्हती. म्हणाली, हे मदियूनचे मोठे उद्योजक आहेत, टीव्हीवर येतात. त्यांना आई नाही हो. वाढा त्यांना.

वाढलं. मी जेवलो. चटणी ओळखीची होती. घास गिळताना रडू येत होतं, मिरची तिखट आहे असं म्हणालो, तर म्हाताऱ्याने पाणी दिलं.

निघताना सगळे रांगेने आईचा निरोप घेत होते. मीही उभा राहिलो. कार्डं खिशातच होती. माझी पाळी आली तेव्हा मी आई म्हणालो. ती म्हणाली, सांभाळून जा हं तुम्ही. आणि सगळ्यांना दिला तसा मलाही भाताचा डबा दिला, दोन्ही हातांनी.

तो डबा घरच्यांना देत नाहीत. पाहुण्यांना देतात.