प्रश्न क्रमांक २७ रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. परीक्षा प्रमुख,
स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण केंद्र, प्राथमिक अभ्यासक्रम,
हवेच्या टाक्या भरण्याच्या खोलीवरचा मजला.

विषय : लेखी परीक्षेतील प्रश्न क्रमांक २७ रद्द करणे, निदान मला त्यातून सूट मिळणे याबाबत.

संदर्भ : १) माझ्या तीन उत्तरपत्रिका. २) आपल्या लिपिकांची तोंडी सूचना, "काका, आता पुरे करा."

महोदय,

१. विनंतीपूर्वक कळवितो की मी, वय सहासष्ट, धंदा घड्याळदुरुस्ती, आपल्या प्राथमिक परीक्षेस तीन वेळा बसलो आणि तिन्ही वेळा पन्नासपैकी एकोणपन्नास गुण मिळवले. दहा मीटरवर फुगा निम्मा होतो, वर येताना श्वास रोखायचा नाही, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, हे सर्व मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. चुकतो तो एकच प्रश्न, आणि तो मी जाणूनबुजून चुकवतो.

२. सदर प्रश्न असा : पाण्याखाली जोडीदार दिसेनासा झाल्यास काय कराल? आपले बरोबर उत्तर 'ब', म्हणजे एक मिनिट शोधून सावकाश वर याल. मी प्रत्येक वेळी 'क'वर खूण केली, म्हणजे सापडेपर्यंत शोधाल. आपल्या नियमाप्रमाणे चुकलेला प्रश्न प्रशिक्षकाने उमेदवाराला समोर बसवून समजावायचा आणि उमेदवाराने "चूक समजली" अशी सही करायची. त्याशिवाय निकाल लागत नाही. आपल्या प्रशिक्षिका मॅडमनी मला तीनदा फार शांतपणे समजावले, तिसऱ्या वेळी तर चहाही मागवला. सही मात्र माझ्याकडून झाली नाही.

३. आपण या पदावर नवीन आहात, म्हणून पुढील माहिती देणे भाग आहे. माझी धाकटी मुलगी गेल्या वर्षी आपल्याच केंद्रातून ही परीक्षा पास झाली. त्यानंतर चार महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी, ती आणि तिचा थोरला भाऊ जुन्या खाणीच्या तळ्यात उतरले. थोरला म्हणजे आपल्याकडचे ज्येष्ठ प्रशिक्षक. तळाचा गाळ उठला आणि धाकटी दिसेनाशी झाली. थोरल्याने घड्याळ बघून एक मिनिट शोधले आणि तो वर आला. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी तिला बाहेर काढले. खाणीत राहून गेलेल्या तारेच्या दोरात तिचा पाय अडकला होता, थोरला शोधत होता तिथून दोन हातांवर. चौकशीत थोरल्याने नियम पाळला असे ठरले, आणि ते मलाही मान्य आहे.

४. मी अभ्यास करतो तो तिच्याच पुस्तकावरून. समासात तिची पेन्सिल आहे. वाऱ्याच्या पानावर "कंटाळा" असे लिहिले आहे, माशांच्या पानावर एका माशाला माझा चष्मा काढला आहे. जोडीदाराच्या धड्यात "एक मिनिट, मग वर" या शब्दांखाली दोन रेघा आहेत आणि शेजारी लिहिले आहे, "पाठ". महोदय, तो नियम तिलाही पाठ होता. खाली अडकल्यावर तीही सेकंद मोजत असणार. साठ झाल्यावर दादा वर निघाला हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. त्या पानापाशी आलो की मला ती शेजारच्या खोलीत मोठ्याने मोजते आहे असे ऐकू येते. मी उठून पाहतो. तिचा पाण्यातला चष्मा न्हाणीघराच्या खिळ्याला टांगलेला असतो, कोरडा. पुन्हा येऊन बसतो तर मोजणे सुरूच असते.

५. या कारणाने माझ्या धंद्यावरही परिणाम झाला आहे. सेकंदकाटा असलेल्या घड्याळांकडे मी पाठ करून बसतो, गिऱ्हाईक हसते. एका मिनिटात काय काय होते याची मी दुकानात रीतसर नोंद केली आहे. पट्ट्याची पिन बदलून होते. भिंतीवरच्या तीन घड्याळांना चावी देऊन होते. शेजारच्या शिंप्याच्या दारापर्यंत जाऊन परत येता येते, मध्ये त्याच्याशी दोन शब्द बोलूनही. दोन हात अंतराला तर काहीच लागत नाही. सबब आपल्या पुस्तकात नुसते "एक मिनिट" असे न छापता ते कोणत्या घड्याळाचे, कोणी तपासलेले, शेवटचे तेलपाणी केव्हा झालेले, याचा तक्ता जोडावा, अशी सूचना करणार होतो. तक्ता आखूनही ठेवला होता. तो सोबत जोडलेला नाही.

६. आता जे लिहितो ते अर्जात लिहायचे नसते, पण दुसरीकडे कुठे लिहावे ते मला कळत नाही. थोरल्याच्या हातातले घड्याळ मी दुरुस्त केलेले होते. तळ्यावर जायच्या आधीच्या आठवड्यात त्याची स्प्रिंग मी बदलली. दिवसाला चार सेकंद पुढे जात होते. चालेल म्हटले आणि दिले. चार सेकंद दिवसाला म्हणजे मिनिटाला सेकंदाचा साडेतीनशेवा हिस्सासुद्धा नाही. हे गणित मी शेकडो वेळा केले आहे आणि ते दर वेळी बरोबर येते. तरी माझ्या हातून तिचे मिनिट थोडे कापले गेले, हे मनातून जात नाही.

तिला आणले त्या संध्याकाळी थोरला माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "बाबा, मी पूर्ण मिनिट शोधलं." माझ्या डोक्यात ती स्प्रिंग होती. मी विचारले, "कोणत्या घड्याळाने?" त्याने घड्याळ काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि आत निघून गेला. त्याला वाटले, मी त्याची उलटतपासणी घेतो आहे. मी माझी घेत होतो. ते तेव्हाच सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. आम्ही एकाच घरात राहतो आणि एकमेकांशी बोलतोही : गॅस संपला, दार लावून घे, भाजी वाढू का. त्याची आई म्हणते, "परीक्षा कसली देताय? सरळ बोला की त्याच्याशी." पण विषय निघत नाही. वर्ष होत आले.

७. आपल्या नियमावलीनुसार चुकलेला प्रश्न समजावण्याचे काम ज्येष्ठ प्रशिक्षकाचे आहे. पहिल्यांदा 'क'वर खूण केली ती याच भरवशावर. समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये कागद, आणि प्रश्न सुटेपर्यंत त्याला उठता येणार नाही, असे मला वाटले होते. आपल्या कार्यालयाने माणुसकी म्हणून मॅडमना पाठवले. तीनदा पाठवले.

तरी विषयात लिहिलेली विनंती रद्द समजावी. प्रश्न क्रमांक २७ आहे तसाच राहू द्यावा, तो बरोबर आहे. मी चौथ्यांदा बसतो आहे आणि पुन्हा चुकणार आहे. या वेळी ज्येष्ठ प्रशिक्षकांना माझ्यासमोर बसवावे, एवढीच मागणी. त्याला म्हणावे, आधी उमेदवारालाच तुला काही सांगायचे आहे. त्यानंतर तो जे उत्तर सांगेल त्यावर मी त्याच्यासमोर सही करीन.

कळावे, वाट पाहतो आहे.

आपला नम्र,
उमेदवार, आसन क्रमांक ९
(धाकटीचे व थोरल्याचे वडील)

दिनांक : १४ मार्च

सोबत :
१) उत्तरपत्रिका, तीन.
२) डॉक्टरांचा दाखला. पाण्यात उतरण्यास योग्य.
३) धाकटीचे पुस्तक. पाहून परत करावे.
४) मनगटी घड्याळ, एक. ज्येष्ठ प्रशिक्षकांच्या हाती द्यावे. पुन्हा तपासले आहे. तेव्हाही बरोबर होते.