ओटभरणाचा फोटो

४ नोव्हें., मंगळ.
गौरीच्या पप्पांचं उत्पन्नाचं शपथपत्र आलं. वकीलबाईंनी प्रती काढायला दिलं. माजलगावात झेरॉक्सचं मशीन चालवते मी, आपलाच संसार आपणच छापायचा. पाइपचं दुकान म्हणे भावाच्या नावावर. हे तिथं नोकर, महिना पंधरा हजार. पोटगी वाढवणं शक्य नाही.
पान चार. अवलंबून असणारे : आई, मुलगी, पत्नी (गर्भवती, सातवा महिना).
हे असं कळलं मला. तीन प्रती हव्या होत्या, सहा काढल्या.

५ नोव्हें.
वकीलबाईंना विचारलं, पोटातल्या बाळाचापण वाटा धरतात?
"धरतेत की. कमाई तीच, खाणारे वाढले. खरी कमाई दाखवा, मग वाढंल."
पोटगी न वाढली तर गौरीचं पुढच्या वर्षीचं अंबाजोगाईचं हॉस्टेल गेलं. न जन्मलेल्या जिवावर जळतेय मी. लाज वाटते, पण जळतेय.

९ नोव्हें., रवि.
दुसरा रविवार, गौरी पप्पांकडे. झेरॉक्सची मालकीण पप्पांच्या नव्या बायकोच्या माहेरची, तिच्या फोनवर नवीचं स्टेटस बघितलं. ओटभरण! मंगल कार्यालय, फुलांचा झोपाळा, हिरवी पैठणी. माझ्या वेळी सासूबाई म्हणाल्या होत्या, "कावून उगं खर्च?" घरातच पाच बायका, संपलं.
स्क्रीनशॉट घेऊन माझ्या फोनवर पाठवला. पंधरा हजारांचा नोकर सापडला! लई बरं वाटलं.
मग मोठा करून बघितला. झोपाळ्यावर नवीला चिकटून गौरी. मी शिवलेला निळा फ्रॉक. नवीच्या पोटावर हात ठेवून हसतेय. घरी अशी कधी हसली, आठवेना.
संध्याकाळी आली. काय जेवलीस?
"वरण-भात." बाही खाली ओढली. आत मेंदी.

११ नोव्हें.
फोटोतली गौरी कापून प्रिंट काढली. वकीलबाईंनी परत केली. "कापलेला न्हाई चालत. काय लपवलं, इचारतेल. अख्खा द्या."
गौरीला कळेल का?
"कळंलच. बापच सांगंल, तुझ्या आईनं तुझा फोटो कोर्टात दिला."

१८ नोव्हें., मंगळ.
उद्या तारीख. गौरी भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई, बाळ झाल्यावर मला तिकडं जाऊ देशील ना?"
बाळ कुठलं, असं मी विचारलं नाही. मला माहीत आहे, हे तिच्यापण लक्षात आलं.
पिशवीत हॉस्टेलचं फीपत्रक आणि शिकवणीच्या पावत्या भरल्या. अख्ख्या फोटोची प्रिंट अजून या वहीतच आहे. सकाळी सातची एसटी.