पन्नास किलोची तरंगलांबी

हट्टा, २० एप्रिल २०२५

चि. सृष्टीस दादाचे अ. आ.

तेरावं झालं अन् दुसऱ्याच दिशी तू हिंगोलीला होस्टेलवर गेलीस. बापाचा फोन उचलून न्हाई राहिलीस, म्हणून लिहितो. हळद शिजवून वाळू घातली. भाकरी मीच थापतो. आज एकीचा पार नकाशा झाला. तू हसली असतीस.

तुझ्या मनात काय हाय ते मला ठावं हाय. पाच तारखेला तुझी आई गेली, अन् सातला तुझा पेपर सुटल्यावर हरिचंदकाका तुला घ्यायला कॉलेजच्या गेटावर आला. तवर समदं उरकलं होतं. पण वसमतच्या दवाखान्यात आईच म्हणली, पोरीचा पेपर होईस्तोर कळवू नका. मी तिचं ऐकलं.

जेवत जा. माया हाय तेवढी राहू दे.

तुझा दादा

हिंगोली, २५ एप्रिल

ती. दादांस सा. न.

काल प्रॅक्टिकल झालं. मला इलेक्ट्रॉनचा प्रयोग आला. काचेच्या नळीत इलेक्ट्रॉन सोडायचे, ते ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यातून जाऊन पडद्यावर पडतात. नुसते कण असते तर असं नक्षीदार काही उमटलं नसतं. पण हिरवी कडी उमटतात, एकात एक, म्हणजे ते लाटेसारखे वागतात. मी कड्यांचे व्यास मोजले. हात जरासुद्धा हलला नाही.

परीक्षकांनी विचारलं, मग माणसाची लाट का दिसत नाही? मी सांगितलं, वस्तुमान वाढलं की तरंगलांबी कमी होते. उदाहरण घ्या, म्हणाले. मी घेतलं, रस्त्यानं चालणारी पन्नास किलोची बाई. उत्तर दहाचा उणे पस्तीसावा घात मीटर. मोजता येईल असं यंत्रच नाही. बरोबर, म्हणाले.

दवाखान्याच्या कागदावर आईचं वजन पन्नास होतं, हे खोलीवर आल्यावर लक्षात आलं. रडू आलं नाही. चहा केला, तो तसाच राहिला.

दादा, सात तारखेला मी क्वांटमचा तिसरा प्रश्न सोडवत होते, तेव्हा तुम्ही तिची राख सावडत होतात. आई नेमकं काय म्हणाली? तिचेच शब्द लिहा. एवढंच मागते.

प्रकृतीस जपा.

सृष्टी

हट्टा, ३० एप्रिल

चि. सृष्टीस आशीर्वाद.

तू शब्द मागितलेस. मी खोटं लिहिलं होतं. आई तसं काई बोलली न्हाई.

शुक्रवारी सांजेला तिनं विचारलं, सृष्टी निघाली का? मी म्हणलो, निघाली, वसमतला उतरली बी. घडीभरानं पुन्हा विचारलं. मी म्हणलो, जिना चढून राहिली. मंग ती दाराकडंच बघत राहिली.

हरिचंद म्हणला होता, आता तरी पोरीला फोन लाव. मीच त्याचा हात धरला. डॉक्टर म्हणत होते, सोमवारपर्यंत उठून बसंल. तुझं साल वाया जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं. सकाळी ती गेली.

काय म्हणायचं ते म्हण. रागानं लिही, पण लिही.

दादा

हिंगोली, ४ मे

ती. दादांस सा. न.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग मेसमध्ये जाऊन जेवले. अजून काही वाटत नाही, रागसुद्धा नाही.

जिना चढतेय असं तिला सांगितलंत, ते बरं केलंत. मला जे सांगितलंत ते माफ करता येईल का, माहीत नाही.

शनिवारी येते. लगेच काही समजावू नका. नुसतं शेजारी बसा.

सृष्टी